त्या 25 वाक्यांत तुमचा मुलगा नापास झालेला नाही

मॅडम, नमस्कार.

आमचं गाव साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. घरात शेती आणि फौज. सासरे, म्हणजे आबा, सुभेदार म्हणून रिटायर झाले. गुडघा गेल्यावर शेवटची काही वर्षं ते कॅटेगरीत, म्हणजे खालच्या वैद्यकीय दर्जात, होते. दीर आता हवालदार आहेत. माझा मुलगा अठरा वर्षांचा, साताऱ्यात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. आठवीत असताना सैनिक स्कूलच्या नववीच्या प्रवेशासाठी त्याची तयारी चालली होती. तेव्हाच वजन उतरायला लागलं, रात्री चार-चारदा उठायचा, तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा. आम्हाला वाटलं, पळायच्या सरावानं होत असेल. एक दिवस उलट्या, पोटात दुखणं, धाप. दवाखान्यात नेला तर शुगर साडेपाचशे. टाइप वन मधुमेह. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं.

पहिली दोन वर्षं बरी गेली, कारण सगळं मीच करायचे. दहावीनंतर बिघडलं. आता इन्सुलिनचं पेन कॉलेजला नेत नाही, दुपारचं इन्सुलिन बुडतं. वहीत 118, 124, 131 असे आकडे लिहितो. मी शुगर तपासायच्या मशीनची मेमरी बघितली तर आठ दिवसांत दोनदाच तपासलेलं. महिन्याचे आकडे एका बैठकीत, एकाच शाईनं लिहिलेले. गेल्या वेळी शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 10.6 आली. काही विचारलं की ताट सारून उठतो.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी त्याला समुपदेशक बाईंकडं पाठवलं. त्यांनी मराठीत केलेला एक कागद भरून घेतला. 25 वाक्यं, प्रत्येकापुढं 1 ते 5 पैकी एका आकड्याला गोल करायचा, 5 म्हणजे पूर्ण पटतं. त्याची प्रत सॅकमध्ये सापडली, मी वाचली. हा आजार मी माझा मानत नाही, त्यावर बोलायला नको वाटतं, अशा अर्थाच्या पाच वाक्यांना सगळीकडं 5. आजार स्वीकारलाय अशा अर्थाच्या वाक्यांना 1 आणि 2. पण आजारानं आयुष्य व्यापलंय, मला हवं ते करू देत नाही, तिथंही 4 आणि 5. शेवटी आजारामुळं मी काही शिकलो अशी वाक्यं आहेत. तिथं सगळीकडं 1, फक्त एका ठिकाणी 4. अडचणीत लगेच हार मानायची नाही हे शिकलो, असं काहीतरी ते वाक्य आहे. तो 4 चुकून पडला असावा.

मला झोप नाही. पोरगा एवढा नापास? जो आजार मानतच नाही, त्याला आजारानं व्यापलंय असं कसं? आणि मन असं आकड्यांत मोजता येतं का? हे म्हणतात, "बघू, भरतीच्या वयापर्यंत बरा होईल." आबा काहीच बोलत नाहीत. मी काय करू?

एक आई

*

ताई,

कागदाकडं येण्याआधी एक गोष्ट, कारण ती थांबून राहणारी नाही. दुपारचं इन्सुलिन बुडतंय आणि सरासरी 10.6 आहे. अशा मुलाला उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखायला लागलं, श्वास खोल आणि भराभर चालू लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आला, तर त्यावर घरचे उपाय नाहीत. तडक दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तुम्ही हे एकदा बघितलं आहे. आणि आजारी आहे, जेवला नाही, उपास आहे, म्हणून दीर्घकाळ काम करणारं बेसल इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचं नाही. डोस किती ठेवायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं. एवढं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता तो कागद.

ही प्रश्नावली बेल्जियममधल्या लूव्हेनच्या विद्यापीठातून आली. लीन ओरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2016 मध्ये मांडली, टाइप वन असलेल्या 14 ते 25 वयाच्या 575 मुलामुलींकडून भरून घेऊन. त्यांना शुगर किती आहे हे विचारायचं नव्हतं, ते रक्त सांगतंच. त्यांना हवं होतं ते वेगळं. मी कोण, हे ठरवण्याच्या वयात या मुलांनी आजाराला आपल्यात कुठं जागा दिली आहे? दाराबाहेर ठेवलंय, एका खोलीत, की अख्ख्या घरात? त्याचे त्यांनी चार भाग केले. नकार, स्वीकार, ग्रासलं जाणं आणि आजारातून काही मिळाल्याची भावना. पहिल्या दोन्हींना पाच-पाच वाक्यं, तिसऱ्याला आठ, चौथ्याला सात. प्रत्येक भागाची सरासरी वेगळी काढतात. चारांची मिळून बेरीज करत नाहीत. कशाची करणार? नकार आणि स्वीकार एकात मिळवून काय कळणार? म्हणून या कागदात पास-नापास नाही, ताई. पस्तीसची रेषाच नाही.

मन मोजता येतं का, असं तुम्ही विचारलंत. मी सांगली जिल्ह्यातली. पावसाळ्यात आमच्याकडं लोक एकमेकांना आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी विचारतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. तो आकडा नदी नव्हे. पाऊस महाबळेश्वरला पडला की कोयनेतून पाणी सोडलं, हे तो सांगत नाही, कुणाच्या दारात पाणी आलंय तेही नाही. तरी त्या आकड्यावर लोक वेळेत भांडीकुंडी माळ्यावर चढवतात आणि जनावरं सोडतात. तुमच्या मुलाच्या कागदाला मी तेवढाच मान देते. फरक एकच, त्यावर धोक्याची खूण कुणी मारलेली नाही, आणि एका दिवसाच्या आकड्यापेक्षा पाणी चढतंय की उतरतंय हे महत्त्वाचं. सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरून घेतला की त्याचा खरा उपयोग.

बेल्जियमच्या त्या मुलांत दिसलं ते असं. ज्यांचा नकार जास्त, त्यांची औषधपाण्याची शिस्त कमी आणि तीन महिन्यांची सरासरी जास्त. जी आजारानं ग्रासली होती, त्यांच्यात उदासी जास्त आणि मधुमेहाचा जाचही जास्त. स्वीकाराचं याच्या उलट. आजारातून काही मिळालं असं ज्यांना वाटत होतं, ती मनानं बरी होती. पण हे एकाच वेळचं चित्र होतं. नकारामुळं शुगर चढली, की चढत्या आकड्यांना कंटाळून पोरांनी तोंड फिरवलं, हे त्यातून ठरत नाही. मला विचाराल तर दोन्ही होतं, आलटून पालटून. त्यात आणखी एक भर. दहावीच्या आसपासच्या वाढीच्या वयात हार्मोन्समुळं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्या वर्षांत सगळं नीट करूनही आकडे बिघडतात. पोर प्रामाणिकपणे सुया टोचून घेतं, तरी मशीन 280 दाखवतं, आणि घरातले म्हणतात, "काय खाल्लंस?" असं पन्नासदा झालं की मशीन ड्रॉवरात जातं.

तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला. जो मानतच नाही, त्याला व्यापलंय कसं? ताई, दार दाबून धरणाऱ्याचे दोन्ही हात दारातच अडकलेले असतात. मित्र वडापाव खायला निघाले की हा कारण शोधणार. पेन बरोबर नाही म्हणून कमी खाणार, किंवा खाऊन मग घाबरणार. चक्कर आली तर झोप झाली नाही म्हणणार. आजार नाही असं दाखवायला दिवसातून वीस वेळा आजाराचाच विचार करावा लागतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मला टाइप वन झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पुढं शिकायला वसतिगृहात राहिले. तिथं फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली मी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचे आणि मैत्रिणींना सांगायचे, अशक्तपणाची इंजेक्शनं आहेत. मावशीनं निघताना बजावलं होतं, "बाहेर कुणाला बोलू नकोस, उद्या स्थळं येतील." एका रात्री शुगर इतकी उतरली की मी घामानं भिजून काहीबाही बडबडत होते, आणि खोलीतल्या मुलींना वाटलं, हिला काही बाधा झाली. एकीनं केवळ माया म्हणून मला साखरेचा चहा पाजला. तिला काहीच माहीत नव्हतं, तरी तिनं मला वाचवलं. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या बाईंनी घरी कळवलं की असली मुलगी आम्हाला नको. इतकी वर्षं झाली, ते पत्र मला अजून शब्दन् शब्द आठवतं. लपवणं मला आजारानं शिकवलं नव्हतं, आमच्या घरानं शिकवलं होतं, आणि तेही मायेनंच. म्हणून तुमच्या मुलाचे ते पाच 5 मला परके वाटत नाहीत.

आणि आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला लागेल. तरी लिहिते.

तुमच्या पत्रात 118 आहे, 124 आहे, 10.6 आहे, साडेपाचशे आहे. मुलाला बीएस्सीत कोणता विषय आवडतो, ते नाही. त्याचे मित्र कोण, तो अजून पळतो का, नाही. तुम्ही रात्री त्याच्या मशीनची मेमरी बघता, सॅक बघता. पाच वर्षं तुम्ही डोळ्यांत तेल घालून त्याला जपलंत, पहिली दोन वर्षं तर तुमच्या हातांवरच तो उभा होता. हे सगळं खरं. पण ते पंचवीस प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघा, 'माझा आजार' ऐवजी 'मुलाचा आजार' घालून. त्यानं माझे विचार व्यापलेत का? माझं प्रत्येक काम त्याच्या भोवती फिरतं का? मला वाटतं, त्या आठ वाक्यांना तुमचेही 5 पडतील. घरात आजार आईनं एवढा पांघरला की मुलाला तो अंगावरून काढून टाकण्याशिवाय वेगळं होता येत नाही.

बेल्जियमच्या त्या कागदात हे मावत नाही, आणि मला ती त्याची मोठी उणीव वाटते. तिथं पोर एकटं बसून 'मी' म्हणतं आणि गोल करतं. आपल्याकडं कुणाच्या घरी शुगर निघाली की चहा सगळ्यांचाच बिनसाखरेचा होतो, नवस आई बोलते, पथ्य आजी पाळते. आजार एकट्याचा राहतच नाही. त्यात ऊब आहे, पण अठराव्या वर्षी त्याचं ओझंही होतं.

आपली भाषा मात्र इथं मदतीला येते. "मला मधुमेह आहे" असं आपण म्हणतो. जशी मला घाई आहे, मला दोन भाऊ आहेत, तसं. मी बाजूला शाबूत राहते. "मी मधुमेही आहे" म्हटलं की मीच तो होऊन जाते. आणि गावात तर "तो शुगरवाला" म्हणून मोकळे होतात. स्वीकार म्हणजे मुलानं दुसरं वाक्य म्हणावं अशी सक्ती करू नका. पहिलं वाक्य तो चारचौघांत, मान खाली न घालता म्हणू शकला की पुष्कळ झालं. तुमच्या घरात त्याच्यासमोर हे वाक्य कोण, कसं उच्चारतं, ते आठवडाभर नुसतं ऐका. लग्नकार्यात पेढा पुढं आला की कुणी तरी म्हणतं, "त्याला नको हं, त्याला शुगर आहे." साताऱ्यात कंदी पेढ्याचा बॉक्स घेतल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही, म्हणजे हे वाक्य त्यानं किती वेळा झेललं असेल. लहानपणी गोड खाल्लं म्हणून झालं, हेही कुणी ना कुणी म्हणतंच, आणि ते साफ खोटं आहे. टाइप वन गोडानं होत नाही. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. त्यात तुमची चूक नाही, त्याची तर नाहीच.

यावरूनच तुमच्या यजमानांच्या वाक्याकडं येते. "भरतीच्या वयापर्यंत बरा होईल." मला त्यांचा राग येत नाही. बापाला असं वाटणारच. पण या एका वाक्यानं तुमच्या मुलाचं पाच वर्षं जेवढं नुकसान केलंय, तेवढं वडापावनं केलेलं नाही.

टाइप वन आज तरी असा बरा होत नाही. इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं. 1921 मध्ये टोरांटोत ते सापडलं, आणि जानेवारी 1922 मध्ये पहिल्यांदा एका 14 वर्षांच्या मुलाला टोचलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं झिजून जायची. तुमच्या मुलाच्या पेनमध्ये ते आहे म्हणून तो कॉलेजला जातो. आणि सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत टाइप वन चालत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या त्याला अठराव्या वर्षापर्यंत घरात कुणीही स्वच्छ सांगितलेल्या नाहीत. त्याला ठाऊक आहेत, हे नक्की. फोनवर त्यानं केव्हाच वाचलं असेल. पण आपण आतून जाणतो ते घरात बोललंच जात नाही, तेव्हा माणूस दोन आयुष्यं जगायला लागतो. एकात तो अजून सैनिक स्कूलच्या परीक्षेची तयारी करणारा आठवीतला मुलगा आहे. त्या मुलाला पेन लागत नाही. कॉलेजला जाताना पेन घरी राहतं ते त्या मुलासाठी, असं मला वाटतं.

तुमच्या भागात फौज म्हणजे नुसती नोकरी नव्हे, हे मी जाणते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जणांची आठवण अजून गावानं जपली आहे. तिथं मुलाचं नाव ठेवण्याआधी त्याची पलटण ठरते. अशा मुलखात, सुभेदाराच्या नातवाला तेराव्या वर्षी एका रिपोर्टनं सांगितलं की तू यातला नाहीस. आणि त्यावर घरात कुणी रडलंही नाही. सगळे इन्सुलिनच्या धावपळीत होते. आजोबा गेले तर आपण तेरा दिवस बसतो. या मुलाची वर्दी गेली, तिला कुणी एक दिवस दिला नाही.

तो दिवस आता द्यायला हवा, आणि तो आबांनी द्यावा. तुम्ही नको, वडील नको. तुम्ही लिहिलंय की आबा शेवटी कॅटेगरीत होते. हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथंच थांबले. जो जवान पहाटे पाचला सगळ्यांपुढं धावायचा, त्याला एक दिवस लो मेडिकल कॅटेगरी लागते. मग पुढची पोस्टिंग नाही, अवघड ड्युटी नाही, बरोबरचे पुढं निघून जातात. आबांनी हे सोसलंय. पहिल्या रात्री बराकीत काय वाटलं, सहकाऱ्यांपुढं गुडघा किती दिवस लपवला, आणि मग रोज सकाळी कशासाठी उठले, हे त्यांनी नातवाला सांगावं. उपदेश बिलकुल नको. इन्सुलिनचा विषयसुद्धा नको. शेतावर जाताना, दोघंच असताना. आणि शेवटी त्यांनीच म्हणावं की बाळा, फौज आता नाही होणार, आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. त्यांना बोलवत नसेल तर हे पत्र वाचायला द्या.

मुलगा चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. नाही बोलला तरी चालेल. त्या दोन दिवसांत बेसल चुकू देऊ नका, बाकी त्याला राहू द्या.

वहीबद्दल. ते खोटे आकडे बघून तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं. मी ती वही दुसऱ्या नजरेनं बघते. 118, 124, 131. तुम्हाला हवा असलेला मुलगा त्यानं महिनाभर तुमच्यासाठी लिहून ठेवला. वहीवरून त्याला पकडू नका. ती बंद करा. मशीनमध्ये आकडे आपोआप साठतात, ते डॉक्टर बघतील. पण सगळं त्याच्यावर टाकून तुम्ही एकदम हात झटकू नका, त्यानं आणखी बिघडतं. रात्रीचं बेसल इन्सुलिन तेवढं तुमच्यासमोर, रोज एका ठरल्या वेळी, गप्पा मारता मारता. दुपारचं त्याचं. आणि तो घरात आला की पहिला प्रश्न शुगरचा नको. पंधरा दिवस एवढं पाळून बघा. तुम्हाला त्याच्या सुईपेक्षा हे जड जाईल.

कॉलेजात पेन का नेत नाही, हे त्याला विचारा, आणि उत्तराला उत्तर देऊ नका. टोचायला जागा नसेल, कुणी काही बोललं असेल. फ्रीज नाही हे कारण असेल तर ते खरं नाही. वापरातलं बहुतेक इन्सुलिन साधारण महिनाभर बाहेर राहतं, फक्त उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही. दोन मित्रांना मात्र माहीत हवंच. ते कोण, हे त्यानं निवडायचं. त्यांना एवढंच सांगायचं की हा घामाघूम झाला, हात थरथरले, विचित्र बोलायला लागला, तर शुगर 70 च्या खाली गेली असं समजा. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, दवाखान्यात न्या. माझ्या खोलीतल्या त्या मुलीला एवढं माहीत असतं, तर बाधा उतरवण्यात अर्धा तास गेला नसता.

आणि पळणं. तो पळायचा, तुम्ही लिहिलंय. सुटलं असेल तर ते आजारामुळं नव्हे, ते भरतीसाठी होतं म्हणून सुटलं. साताऱ्यात दर वर्षी यवतेश्वरच्या घाटानं हाफ मॅरेथॉन होते, 21 किलोमीटर. इन्सुलिन घेणाऱ्यालाही ती पळता येते, पण पळण्यानं शुगर तेव्हाच नव्हे तर रात्रीही उतरते. म्हणून कोणता डोस किती कमी करायचा, आधी काय खायचं, हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावं लागतं. मी पैज लावते, या निमित्तानं तो मशीन स्वतःहून उघडेल. तुम्ही सुचवू नका. दिरांनी सुट्टीवर आले की सहज म्हणावं, चल, यवतेश्वरपर्यंत जाऊन येऊ. वसीम अक्रमचं नाव कुणी काढू नका. 1997 मध्ये निदान झाल्यावरही तो पुढं खेळत राहिला हे खरं, पण टाइप वनच्या प्रत्येक मुलाला ते नाव इतक्यांदा ऐकवलेलं असतं की त्याचा आता धीर होत नाही, भार होतो.

ग्रासल्याच्या वाक्यांना 4 आणि 5 आहेत, त्याकडं मी दुर्लक्ष करणार नाही. झोप उडाली, खाणं सुटलं, मित्र तोडले, जगून काय उपयोग असं बोलला, तर वाट बघू नका. समुपदेशक बाईंना कळवा, आणि 14416 हा टेलिमानसचा सरकारी फोन क्रमांक घरात सगळ्यांना माहीत असू द्या. तिथं मराठीतही बोलता येतं.

राहिला कागद. तो तुम्ही न विचारता वाचलात, हे त्याला सांगा. माफी मागा, एका वाक्यात, रडू न येऊ देता. ही गोष्ट समुपदेशक बाईंपर्यंत नेऊ नका, तुमच्या दोघांत राहू दे. आणि मग त्याला ते चोवीस आकडे विचारू नका. शेवटच्या भागातला 4 विचारा. तुम्हाला वाटतं तो चुकून पडला. सहा वाक्यांना 1, आणि मधेच एका वाक्याला 4, तेही अडचणीत हार न मानण्याच्या? पेन उचलून, थांबून, वेगळा गोल केल्याशिवाय हे होत नाही. पहिल्या दोन वर्षांतच त्यानं जवळजवळ तीन हजार सुया टोचून घेतल्या आहेत. त्याला ते माहीत आहे. घरात ते अजून कुणी मोजलेलं नाही.

"हा 4 कशाचा रे?" एवढंच विचारा, आणि त्यानं बोलेपर्यंत गप्प बसा. त्यानं काय सांगितलं ते मला कळवायची गरज नाही. पुढच्या तीन महिन्यांची सरासरी मात्र, त्याची हरकत नसेल तर, कळवा.